स्वराज्य आलं, भत्ता कापला!



आयर्लंडच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली की पुढाऱ्यांची नावं सांगतात. आम्ही गिरणीतली माणसं वेगळंच विचारतो : ते स्वातंत्र्य कोणाच्या घामावर उभं राहिलं आणि घाम गाळणाऱ्याच्या पदरात काय पडलं?

१९१३ च्या ऑगस्टात डब्लिनच्या ट्रामवाल्यांनी जिम लार्किनच्या युनियनसाठी गाड्या जागच्या जागी थांबवल्या. ट्राम कंपनीचा सर्वेसर्वा विल्यम मर्फी इंग्रज नव्हे, आयरिशच होता! त्याने शहरातले मालक एक केले. युनियन सोडल्याची सही दे, नाहीतर घरी बस! वीस हजारांच्या आसपास कामगार टाळेबंदीत सापडले. टाळेबंदीत चूल कशी विझते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. इंग्लंडच्या कामगारांनी अन्नाचं जहाज धाडलं. तरीही १९१४ च्या आरंभी पोटापुढे माघार घ्यावी लागली. पण युनियन मेली नाही.

त्याच टाळेबंदीत कामगारांनी स्वतःच्या रक्षणासाठी सिटिझन आर्मी उभारली. १९१६ च्या उठावात ती लढली. तिचा पुढारी जेम्स कॉनली जखमी होता, उभं राहवेना. त्याला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या.

खेळाचं मैदानही सुटलं नाही. १९१८ साली सरकारने खेळाला परवाना लावला. हुतूतूला पोलिसाची चिठ्ठी लागली तर आपले गडी काय करतील? आयर्लंडच्या गड्यांनी तेच केलं. ४ ऑगस्टला परवान्याविना गावोगाव सामने भरवले! २१ नोव्हेंबर १९२० ला सकाळी क्रांतिकारकांनी इंग्रजांचे हेर मारले. त्याचा सूड दुपारी क्रोक पार्कच्या प्रेक्षकांवर घेतला. भर सामन्यात गोळीबार! चौदा बळी गेले, त्यात मायकेल होगन हा खेळाडू. त्याच साली मे ते डिसेंबर रेल्वे कामगारांनी इंग्रजी फौजेचा दारूगोळा वाहून नेला नाही. कित्येकांची नोकरी गेली.

आणि सत्ता घरात आल्यावर? सप्टेंबर १९२२ मध्ये नव्या सरकारने टपाल कामगारांचा महागाई भत्ता कापला. संप झाला, तर म्हणाले, तुम्हाला संपाचा हक्कच नाही! संपवाल्यांवर सैनिक सोडले. १९२४ साली म्हाताऱ्यांच्या दहा शिलिंग पेन्शनीतूनही एक शिलिंग कापला.

परक्याचं राज्य घालवायलाच हवं होतं, यात शंका नाही. पण निशाण बदललं म्हणून पगाराचं पाकीट आपोआप भरत नाही. मर्फीही आयरिश होता आणि भत्ता कापणारेही आयरिशच. म्हणून एका हातात निशाण धरा, पण युनियनची पावती खिशातून काढू नका!