चोर सोडून संन्याशाला

मराठीत 'बसणे' या क्रियापदाइतके सोशिक क्रियापद दुसरे नसेल. घसा बसतो, धंदा बसतो, पावसाळ्यात जुन्या वाड्याची भिंत बसते आणि मोटारसायकलची बॅटरीही बसते. पण घसा बसला तर आपण विचारतो, "काय हो, थंड प्यालात की सभेत ओरडलात?" धंदा बसला तर भागीदाराकडे संशयाने पाहतो. बॅटरी बसली म्हणजे मात्र कारण विचारण्याची रीत नाही. 'बॅटरी गेली' हा निकाल, 'नवीन टाका' ही शिक्षा, आणि दंड आपल्या खिशातून! आरोपीची साक्ष कोणी काढीत नाही.

मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण शब्दाचा अर्थ लावताना जी शिस्त मी वर्गात सांगतो, तीच इथे उपयोगी पडते. मागचे-पुढचे पाहिल्यावाचून अर्थ लावू नये, आणि कारण शोधल्यावाचून कोणाला दोषी ठरवू नये.

आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. सकाळी नळाला पाणी नाही, टाकी कोरडी. शहाणा माणूस लगेच नवी टाकी आणतो काय? तो तीन प्रश्न विचारतो. टाकीत पाणी चढले का? चढले असेल, तर रात्री कुठला नळ उघडा राहिला का? आणि ही दोन्ही उत्तरे समाधानकारक आली, तर मग टाकीलाच भोक पडले आहे का? मोटारसायकलची बॅटरी ही अशीच एक टाकी आहे. वीज तयार करणे हे तिचे काम नव्हे. ते काम इंजिनाच्या पोटात फिरणारे चुंबक आणि त्याच्याजवळची तारांची गुंडाळी, म्हणजे स्टेटर, करतो. त्या विजेला एका दिशेने वळवून मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाची पंखेदार डबी करते. बॅटरीने फक्त साठवायचे आणि मागेल त्याला द्यायचे.

शिसे आणि गंधकाम्ल यांची ही जोडी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली जमवली. त्या वंशातली आपली १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा खोल्यांची चाळ. प्रत्येक खोलीत दोन व्होल्टच्या थोडे वर बिऱ्हाड. सगळ्या खोल्या भरलेल्या असल्या म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर मीटर १२.६ ते १२.८ दाखवतो. १२.४ ला पाऊण भरलेली समजावी, १२.२ ला अर्धी, आणि १२ च्या खाली गेली म्हणजे घरात दाणा नाही.

एके काळी हिच्यावाचूनही अडत नसे. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकवर कित्येक कुटुंबे वाढली. त्यातल्या बहुतेक स्कूटरी बॅटरीशिवायच धावल्या. किक मारावी आणि निघावे. आता तो काळ गेला. नव्या दुचाकींचा पुढचा दिवा १ एप्रिल २०१७ पासून इंजिनाबरोबर आपोआप लागलेलाच असतो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० ला बीएस सहाचे नियम आले, आणि कार्ब्युरेटरची जागा बहुतेक ठिकाणी इंजेक्शनने घेतली. पेट्रोलचा पंपही विजेवर, त्याचा मेंदूही विजेवर! कित्येक गाड्यांची किक तर कधीच नाहीशी झाली आहे. अशी बॅटरी पुरती बसली, तर गाडी ढकलूनही तिच्यात प्राण येईल याचा भरवसा नाही.

आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी दुपारी वर्गात असतो आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोचवतो. गाडी सेकंडहँड. एक दिवस गाडी बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बंद. आणि परीक्षेची फी त्याच कमाईतून जायची. मागच्या पावसाळ्यात तो दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, थोडे पैसे हवे होते. बॅटरी गेली."

"मागेही तू हेच म्हणाला होतास ना रे?"

"हो सर. आठ महिन्यांत ही तिसरी."

दोन बॅटऱ्या आठ महिन्यांत मराव्यात, हे मला पटेना. बॅटरी नीट सांभाळली तर तीन-चार वर्षे सहज काढते. मी त्याला घेऊन आमच्या रस्त्याच्या टोकाला वायरिंगचे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चावी बंद ठेवून मीटर लावला. ११.९. पोरगा म्हणाला, "बघा काका, गेलीच आहे." मिस्त्री हसले. "अरे, उपाशी माणसाची ताकद मोजतोस का? आधी पोटभर जेवू घाल तिला." बॅटरी रात्रभर चार्जरवर लागली. तीसुद्धा हळूहळू. जेवढ्या अँपिअर-तासांची बॅटरी, त्याच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.९ अँपिअर. घाईने भरलेले पोट आणि घाईने भरलेली बॅटरी, दोन्ही बाधतात.

सकाळी मीटर १२.७. सेल्फ मारताना काटा किती पडतो ते मिस्त्रींनी पाहिले. १० च्या खाली गेला नाही. म्हणजे बॅटरी अजून धडधाकट होती. मग गाडी चालू ठेवून, रेस वाढवून पुन्हा बॅटरीच्याच टोकांवर मीटर लावला. इथे साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. मीटर १२.४ वर बसून राहिला.

"सर, पगार पुरता येत नाही हिला," मिस्त्री म्हणाले. "पुंजी खाऊन जगतेय."

पगार अडला कुठे, एवढाच प्रश्न उरला. स्टेटरकडून तीन पिवळ्या तारा येतात. मिस्त्रींनी त्यांचा कपलर सोडला, आणि तिघांपैकी एक तार काळपट तपकिरी झालेली, तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळलेले. पावसाचे पाणी शिरून टोक गंजले होते. गंजाने विजेची वाट अरुंद झाली, वाट अरुंद झाल्यावर उष्णता वाढली, आणि उष्णतेने कपलर जळला. मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. इंजिन बंद असताना त्यांनी प्रत्येक पिवळी तार चासीशी तपासली. तिथे मीटरने जोड दाखवता कामा नये. दाखवला तर स्टेटरची गुंडाळी आत जळलेली असते. तो नव्हता. मग मीटर एसीवर फिरवून, इंजिन एकाच वेगाने चालू ठेवून, पिवळ्या तारांच्या तिन्ही जोड्या मोजल्या. आकडे तिन्हींचे सारखे. म्हणजे स्टेटर निर्दोष. जळका तुकडा कापला, नवी टोके आणि नवा कपलर बसवला, आणि मीटर १४.२ वर गेला. खर्च दोनशे रुपयांच्या आत.

पोराच्या चेहऱ्यावर आनंद दिसावा अशी माझी अपेक्षा होती. तो हळूच म्हणाला, "मग आधीच्या दोन?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्या दोन्ही भंगारात गेल्या होत्या.

ही फसगत सर्रास का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. नवी बॅटरी भरलेली येते. अर्ध्यामुर्ध्या पगारातही ती काही आठवडे, कधी काही महिने, पुंजीवर निभावून नेते. मालकाला वाटते, रोग गेला. पुढे ती रिकामी पडते, आणि रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे थर कडक होत जातात. मग ती खरोखरच मरते. संन्याशी मेलेला सापडतो म्हणून तोच चोर ठरतो; खरा चोर मात्र कपलरमध्ये सुखाने नांदत असतो!

चोर उलट बाजूचाही असतो. रेस दिल्यावर मीटर १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटरचा ताबा सुटला असे समजावे. अशा वेळी बॅटरीतले पाणी भराभर उडते, बंद बॅटरीचे पोट फुगते, बल्ब वरचेवर जातात. आणि चार्जिंग चोख असून सकाळी बॅटरी रिकामी, तर रात्रीचा उघडा नळ शोधावा. मागाहून जोडलेले मोबाइलचे चार्जर, जादा दिवे, मोठे हॉर्न, माग काढणारे यंत्र हे नेहमीचे संशयित. चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडावी आणि मधे मीटर मिलिअँपिअरवर लावावा. थोडे मिलिअँपिअर चालतात. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडेल, त्या गल्लीत चोर राहतो. मीटर असा मधे असताना सेल्फ मात्र दाबू नये, नाहीतर मीटरच जायचा. 'गाडी चालू करून बॅटरी काढून बघा' हा काही गॅरेजांतला जुना प्रयोग तर मुळीच करू देऊ नका. आजच्या गाडीचा मेंदू त्यात भाजून निघतो.

बॅटरीला निर्दोष म्हणताना तिची निगा आपल्याकडे लागते, हेही सांगितले पाहिजे. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी, कोरडी करावी, स्क्रू घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. सोडताना ऋण तार आधी, जोडताना ऋण तार शेवटी. नाहीतर पाना चासीला लागून ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे पाणी आणि वरून ॲसिड, दोन्ही वर्ज्य. बंद बॅटरी उघडू नये. आणि खरोखर मेलेली बॅटरी दुकानदारालाच परत द्यावी. तिच्यातले शिसे विष आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती घरच्या केरात टाकायला बंदी केली आहे.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. खंडेनवमीला मिस्त्री आपल्या पान्यांबरोबर मीटरचीही पूजा करतात. ती पूजा मला फार अर्थपूर्ण वाटते. दिवाळीला गावी निघताना गाडी पंधरा दिवस तशीच उभी राहणार असेल, तर ऋण तार सोडून ठेवा. परत आल्यावर सेल्फने नुसती 'टक्-टक्' केली तर दुकानाकडे धावू नका. तीनचारशे रुपयांत साधा मीटर मिळतो. तीन आकडे घ्या: गाडी बंद असतानाचा, सेल्फ मारतानाचा आणि रेस दिल्यानंतरचा. एवढी साक्ष झाल्यावर बॅटरीच दोषी निघाली, तर खुशाल नवी आणा. त्या खरेदीचे वाईट वाटत नाही.