झोला पळाला काय ?

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याचा विषय निघाला, कीं आमच्या वडनेर भोलजीचे विद्यार्थीही हटकून म्हणतात : झोला इंग्लंडास पळाला, आमचे टिळक पळाले नाहींत. ही तुलना आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

ड्रेफस नांवाच्या निरपराध यहुदी सेनाधिकाऱ्यास हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून काळ्या पाण्यावर धाडलें होतें. ता. १३ जानेवारी १८९८ रोजीं झोलानें वर्तमानपत्रांत राष्ट्राध्यक्षांस उघड पत्र लिहिलें आणि सेनापतींवर नांवें घेऊन आरोप केले. त्यास एक वर्ष कैद व ३,००० फ्रँक दंड झाला. जुलैंत तो निघून गेला, परंतु तो वकिलांच्या सल्ल्यानें. शिक्षेचा हुकूम प्रत्यक्ष हातीं पडला नाहीं, तर खटला जिवंत राहणार होता. परकी भाषा, बदललेलें नांव, अशा स्थितींत त्यानें सुमारें अकरा महिने काढले व तेथेंही एक कादंबरी लिहिलीच. ड्रेफस १९०६ सालीं निर्दोष ठरला. तें पाहावयास झोला उरला नव्हता.

लोकमान्यांना निवड करावयास सवडच मिळाली नाहीं. ता. २४ जून १९०८ रोजीं त्यांस पकडलें, तें केसरींतील लेखांवरून. बाँबचें समर्थन त्यांत नव्हतें. दडपशाहीनें बाँब थांबत नाहींत, एवढेंच सरकारास बजावलें होतें. कोर्टांत ते एकवीस तासांहून अधिक बोलले. ता. २२ जुलै रोजीं, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीं, सहा वर्षांची हद्दपारी ठोठावण्यांत आली. मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. (शेगांवच्या गजानन महाराजांनीं तुरुंगांत भाकरीचा प्रसाद पाठविल्याची कथा आमच्या भागांत घरोघर सांगतात.) मंडालेस त्यांनीं पेन्सिलीनें 'गीतारहस्य' लिहिलें. १९१२ सालीं सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. तें वर्तमान त्यांस तुरुंगांतच ऐकावें लागलें. ही किंमत झोलास द्यावी लागली नाहीं, हें आम्हीही मान्य करतों. तथापि घरीं स्वस्थ बसून कीर्ति भोगीत असतां, ओळखदेख नसलेल्या कैद्याकरितां तिच्यावर पाणी सोडणारास पळपुटा कसें म्हणावें ?

वाद घालावयाचाच, तर तो टिळकांच्या त्या नऊ ज्यूररांविषयीं घालावा. दोघां हिंदी ज्यूररांनीं त्यांस निर्दोषी म्हटलें. सातां गोऱ्यांनीं दोषी ठरविलें, तें मराठी लेख वाचून नव्हे, तर त्यांच्या इंग्रजी भाषांतरावरून.