आधी हसा, विनोद नंतर

मी त्या कार्यक्रमाची चाहती आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच की स्त्रीमुक्तीवाल्यांना हसण्याचं वावडं आहे. मला नाही. दिवसभर वस्तीतल्या केसेस, पोलीस ठाण्यातल्या बाकावरचं ताटकळणं आणि रेशनकार्डांची कागदपत्रं उरकून घरी आलं की जेवणाचं ताट घेऊन मी तो विनोदी कार्यक्रम लावते आणि शेजारी ऐकू जाईल इतकं हसते. त्यातले दोन-तीन नट खरोखर गुणी आहेत.

म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या बचत गटातल्या बायकांनी धोशा लावला, "ताई, दर वर्षी आठ मार्चला भाषणंच ऐकतो, या वेळी शूटिंग बघायला न्या," तेव्हा सगळ्यात आधी मीच तयार झाले. प्रेक्षकांना पास फुकट असतात हे एकीच्या भाच्याकडून कळलं. आम्ही अडतीस जणी. सकाळी दशम्या-चटणी बांधून, ठेवणीतल्या साड्या नेसून मुंबईच्या उपनगरातल्या एका स्टुडिओत पोचलो. कित्येकींनी त्या दिवसाची मजुरी सोडली होती. घरकाम करणाऱ्या दोघींचा खाडा धरला गेला.

दारातच मोबाइल काढून घेतले. ते समजण्यासारखं आहे. मग प्रत्येकीच्या हातात एक छापील कागद आला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. "इथं सही करा, मावशी, पटापट." मी उभ्याउभ्या वाचला. माझा चेहरा, माझा आवाज, जगात कुठंही, कुठल्याही माध्यमात, कायमचा, कसलाही मोबदला न मागता, हवा तसा संपादित करून वापरायला माझी हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. आमच्यातल्या एकतीस जणींना इंग्रजी वाचता येत नाही. मला येतं. एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई मी, शिबिरांतून "न वाचता कुठंही सही करू नका" असं शिकवणारी. आणि मागून रांग ढकलत होती, बायकांचे चेहरे फुललेले होते, म्हणून मीही सही केली. माझ्यामागून बाकीच्यांनी केली. या लेखात पुढं ज्यांच्यावर मी रागावणार आहे त्यांच्या यादीत हे नाव आधी घालून ठेवते.

आत गेल्यावर बसण्याचं राजकारण सुरू झालं. आधी आम्ही सगळ्या पुढच्या रांगांत बसलो होतो. तसंच बसवून कॅमेरा आमच्याकडं वळवला गेला. रंगमंच रिकामा होता, एकही नट आलेला नव्हता. कानाला माईक लावलेला एक मुलगा समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आता आपण रिॲक्शन घेऊन ठेवूया. आधी नुसतं स्मित. आता हसा. आता पोट धरून हसा. आता शेजारणीला टाळी द्या. आता एकदम गंभीर. आता डोळे भरून आल्यासारखे." पंधरा-वीस मिनिटं आम्ही कशावर तरी हसलो, कशावर तरी रडलो. खरं सांगायचं तर मजा आली. बायका एकमेकींना बघून खऱ्याच हसत होत्या. माझ्या उजव्या हाताला आमच्या पोळीभाजी केंद्रातली एक मैत्रीण होती. तिचं नाव इथं देत नाही. ती तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नवरा मारतो म्हणून आमच्या केंद्रात तिची नोंद २०२२ पासून आहे. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर जागा बदलल्या. कॉलेजच्या वयाच्या, केस मोकळे सोडलेल्या मुलींचा एक गट आला. त्या को-ऑर्डिनेटरमार्फत रोजावर येतात, हे नंतर त्यातल्याच एकीनं सांगितलं. त्यांना पुढं घेतलं आणि आमच्यातल्या गडद साड्यांच्या, वयस्कर, सावळ्या बायकांना "जरा मागं सरका" झालं. मीही शेवटून दुसऱ्या रांगेत गेले. ही जागाबदल लक्षात ठेवा.

मग दोन भागांचं चित्रीकरण एकापाठोपाठ एक. एसीचा गारठा इतका की बायकांनी पदर लपेटून घेतले. पाण्याच्या बाटल्या पुढच्या दोन रांगांपर्यंतच आल्या. बाईचं स्वच्छतागृह गोडाऊनच्या पलीकडं, आणि चित्रीकरण चालू असताना उठायची बंदी. रात्री दहानंतर सुटलो. शेवटची बस गेलेली. बारा बायका रिक्षात पैसे घालून घरी पोचल्या, आणि उशीर झाला म्हणून तिघींनी घरी बोलणी खाल्ली.

विनोदांबद्दल काय सांगू? काही चांगले होते. पण साडी नेसलेला, छाती फुगवलेला पुरुष रंगमंचावर आला की पुढं काय होणार ते ठरलेलं. तिची जाडी, तिचा रंग, तिच्या मागण्या, आणि शेवटी तिला ढकलून देणं. मराठी रंगभूमीला स्त्रीपार्टी काही नवा नाही. बालगंधर्वांची लुगडं नेसण्याची ढब, त्यांची केशरचना घरंदाज बायका उचलत होत्या. त्यातही पुरुषानं ठरवलेली स्त्री होती, हे खरं. पण ती निदान हवीहवीशी तरी होती. आताच्या स्किटमधली साडी फक्त लाथ मारण्यासाठी नेसलेली असते. त्या दिवशीच्या दुसऱ्या भागात एका नवऱ्याचा संवाद होता. बायकोला दोन ठेवून दिल्या की घर कसं शांत होतं, अशा अर्थाचा. मागच्या रांगेत आम्ही गप्प होतो. मान वळवून मी मैत्रिणीकडं पाहिलं. ती अजून पुढच्याच बाजूला होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला होता आणि ती खाली बघत होती.

दीड महिन्यानं तिचा नवरा समुपदेशनासाठी केंद्रात आला. आम्ही चार वेळा निरोप धाडल्यावर आला. बसला आणि खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. "ताई, तुम्ही माझी केस चालवता ना? हे बघा. हीच हसतीये." पडद्यावर तो संवाद झाला आणि लगेच आमची मैत्रीण, पोट धरून, डोळे पुसत हसताना. आणि तिच्या डाव्या हाताला टाळी द्यायला हात पुढं केलेली मी.

मी. जी त्या वेळी शेवटून दुसऱ्या रांगेत होते.

तो भाग आम्ही नंतर वस्तीत पुन्हा पुन्हा बघितला. दुपारी रिकाम्या रंगमंचासमोर घेतलेलं हसू उचलून रात्रीच्या मारहाणीच्या विनोदाला चिकटवलं होतं. पदर खाली, एसी सुरू व्हायच्या आधीचा. तिच्या गप्प बसण्याचं चित्र कुठंच नव्हतं. नवऱ्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "टीव्हीवर दाखवलंय ते खोटं, आणि तुम्ही सांगता ते खरं?" गल्लीत तिला आता "हसरी" म्हणतात.

मैत्रिणींनो, विनोदावर आक्षेप घेतला की आपल्याला उत्तर मिळतं, "अहो, बायकाच तर हसतायत!" हे उत्तर कुठं तयार होतं ते मी पाहून आले आहे. भाड्यानं हसणं-रडणं जुनंच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाटकघरांतून टाळ्या पिटणाऱ्या टोळ्या असत. त्यांत हसणारे वेगळे, आणि रुमाल डोळ्यांना लावून रडणारे वेगळे. रडण्याचं काम बहुतेक बायकांकडं. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं हास्याची पेटीच बनवली. बटण दाबलं की हशा. पण त्या टोळ्यांना पैसे मिळत होते, आणि पेटीतल्या हशाला चेहरा नव्हता. आमच्या हसण्याला चेहरा आहे, गल्ली आहे, सासर आहे. पैसे मात्र नाहीत. आठ तास बसून आम्ही जे दिलं त्याला मी श्रम म्हणते. प्रेक्षक नसतील तर तो कार्यक्रम रिकाम्या खोलीतली बडबड वाटेल, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून तर हसू आधी घेऊन ठेवतात, विनोद नंतर.

आता संमतीचं. नवऱ्यानं बायकोला मारणं सात कारणांपैकी एखाद्या तरी कारणासाठी योग्य आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी सांगितलं. पुरुषांनीही जवळपास तितक्याच. हा आकडा आपण शिबिरांतून फळ्यावर लिहितो आणि हळहळतो. पण बाईनं ते योग्य मानावं यासाठी रोज रात्री किती उद्योग चालतो, त्याचा हिशेब मांडत नाही. मार खाणाऱ्या बाईला शेकडो हसणाऱ्या बायका दाखवायच्या आणि विचारायचं, तुलाच एवढं काय झालं?

"विनोद विनोदाच्या जागी" म्हणणाऱ्यांना मी कायद्याकडं पाठवते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाच्या व्याख्येत अपमानाच्या शेजारी टिंगल हा प्रकार स्पष्टपणे घातलेला आहे. मूल नसण्यावरून, मुलगा नसण्यावरून केलेली टिंगल तर वेगळी नोंदवली आहे. घरात नवऱ्यानं केली तर जी हिंसा, तीच पडद्यावर झाली की घरबसल्या मनोरंजन! केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही स्त्रियांना हीन लेखणारे कार्यक्रम दाखवू नयेत असं आहे. कागदावर.

चळवळीतल्या काही जुन्या ताई मला म्हणाल्या, "जायचंच कशाला? बहिष्कार घाला." माझा त्यांच्याशी वाद आहे. आमच्या बायकांना वर्षातून एक दिवस हसायला जायचं असतं. त्यांच्या आवडीला कमी लेखून आपण मध्यमवर्गीय नाकं मुरडायची, हे मला मान्य नाही. पण सहल काढून मी ज्या तऱ्हेनं अडतीस बायका बिनबोभाट त्यांच्या हवाली केल्या, तेही मान्य नाही. दोन्हीच्या मधे काहीतरी करता येतं. संमतीपत्र मराठीत हवं, आणि ते आदल्या दिवशी हातात हवं. संमती मागताना माणसाला त्याच्या भाषेत वाचायची सोय हवी, हे तत्त्व संसदेनं २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात मान्य केलंच आहे. एका प्रसंगाचं हसू दुसऱ्या प्रसंगाला जोडायचं नाही, ही अट लेखी हवी. पाणी, स्वच्छतागृह, रात्री घरापर्यंत गाडी. आणि रोजावरच्या मुलींना मिळतो तो रोज आम्हालाही. नाही देणार? मग रिकाम्या खुर्च्यांचं चित्रीकरण करा.

आमच्या मैत्रिणीनं स्वतःच्या नावानं वाहिनीला पत्र लिहिलं. ती बोलली, मी लिहून घेतलं. तिनं दोनच गोष्टी मागितल्या: तो तुकडा काढून टाका, आणि मी त्या विनोदावर हसले नव्हते असं लेखी द्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कार्यक्रमावरील प्रेमाबद्दल आभार, आणि सोबत पुढच्या चित्रीकरणाचे दहा पास. त्यानंतर आम्ही प्रसारकांच्या तक्रार परिषदेकडं अर्ज केला आणि त्यासोबत आम्हा अडतीस जणींच्या सह्यांचं निवेदन जोडलं: कोण कुठं बसली होती, जागा कधी बदलल्या, पदर कधी घेतला. बसण्याचा नकाशा बायकांनी स्वतः काढला, वहीच्या कागदावर, बांगड्यांनी गोल आखून.

लेखी मात्र अजून काही मिळालेलं नाही. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तो तुकडा आहे. पुढच्या तारखेला तो संरक्षण अधिकाऱ्यांनाही दाखवेल, असं त्यानं सांगून ठेवलंय. आम्ही नकाशा घेऊन जाणार आहोत.

तुमच्या गटातल्या बायका अशा चित्रीकरणाला गेल्या असतील तर तारीख, कशावर सही केली, आणि नंतर पडद्यावर काय दिसलं, ते अंकाच्या पत्त्यावर कळवा. कार्यक्रम आवडतो की नाही, हे आम्ही विचारणार नाही.