पांढरे पडलेले बंपर आणि जळालेले ऑईल

कापडाच्या धंद्यात आमचे केस पांढरे झाले, पण गाडीच्या बंपरवर चार ओळी लिहिण्याची वेळ येईल असे कधी वाटले नव्हते. मागे रमजान ईदच्या तोंडावर आमचे जे नुकसान झाले, ते आमच्या व्यापारी बांधवांचे होऊ नये म्हणून हा प्रपंच.

मालेगावहून लठ्ठ्याच्या गठाणी घेऊन आमची पिकअप शिरपूरला आली. दुकानाची गल्ली अरुंद. हमालाने दम खाण्यासाठी एक गठाण क्षणभर पुढच्या बंपरवर टेकवली. वरचे पॅकिंग एका कोपऱ्याला फाटलेले होते. गठाण उघडली तर पांढऱ्याशुभ्र ताग्यावर हातभर काळा पट्टा! दुसऱ्या ताग्यावर बोटांचे ठसे. ड्रायव्हरने दरवाजाचे हँडल ज्या हाताने धरले, त्याच हाताने तागे उतरवले होते. विचारले तेव्हा पोरगा म्हणाला, "चाचा, ईद आली म्हणून गाडी चमकवली. गॅरेजवाल्याने जळालेलं ऑईल दिलं, बंपर नव्यासारखं होतं म्हणाला."

पोराची नियत वाईट नव्हती. पण लठ्ठ्यावरचा इंजिन ऑईलचा डाग कोणत्याही धोब्याच्या बापाला निघत नाही. सलवारीसाठी घेतलेला तो माल आम्हाला कटपीसच्या भावात काढावा लागला.

जुन्या जीपगाड्यांना लोखंडी बंपर असत. गंज चढला की रंग मारला, काम संपले. आता बंपर, चाकावरच्या कमानी, आरशांची घरे, हँडल, सगळे काळे प्लास्टिक. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत चढतो आणि बाजाराच्या दिवशी गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्यावर उभी. दोन-तीन वर्षांत हे प्लास्टिक राखेसारखे पांढरे दिसू लागते. लोक म्हणतात रंग उडाला. आमचे मत वेगळे आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. रसायनशास्त्र जे काही आले ते रंगारी आणि मिलवाल्यांच्या संगतीने आले. पॉलिएस्टरचा काळा धागा दोन तऱ्हांनी बनतो, हे कापडवाल्यांना ठाऊक आहे. एकात पांढरा धागा रंगात बुडवतात. दुसऱ्यात वितळलेल्या मालातच काजळी मिसळून मग धागा ओढतात, त्याला आपण डोप डाइड म्हणतो. गाडीचे काळे प्लास्टिक या दुसऱ्या जातीचे. काजळी आरपार असते, ती उडून जात नाही. खराब होते ते वरचे प्लास्टिकच.

हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असते, त्यात थोडे रबर मिसळलेले. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली ते तयार केले आणि १९६३ मध्ये जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गठाणींवर असते ती पांढरी विणलेली गोणीही बहुधा याच मालाची. ती गोणी गच्चीवर एक उन्हाळा पडू द्या आणि मग उचलून पाहा. हातात भुगा येईल. बंपरमध्ये काजळी असते आणि ती ऊन अडवते, म्हणून त्याचा भुगा होत नाही. फक्त वरचा पातळ थर फुटून खरबरीत होतो. त्या खरबरीत थरावर उजेड विखुरतो आणि काळे प्लास्टिक पांढरे दिसते. पाणी शिंपडा, लगेच काळे होईल. वाळले की पुन्हा पांढरे. जळालेले ऑईल हेच काम करते. फरक इतकाच की ते पाण्यासारखे लवकर वाळत नाही आणि वरून महामार्गाची सगळी धूळ धरून ठेवते. पहिल्या पावसात ओघळ दरवाजावर येतात ते वेगळेच. शिवाय वापरलेले ऑईल रोज हाताला लागणे कातडीला घातक आहे.

तेव्हा आधी पांढरेपणा कशाचा आहे ते ओळखावे. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली की क्षाराचे डाग बसतात. निम्मे पाणी घातलेल्या सिरक्याने ते निघतात, नंतर साध्या पाण्याने धुवावे. कडेकडेला पांढरी रेघ असेल तर ती रंगाच्या पॉलिशची. शाम्पूचे पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश तिला पुरे. हे दोन्ही करूनही पांढरे राहिले आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर करडी पूड आली, तर ते उन्हाचे काम समजावे.

त्यासाठी गाडी सावलीत घ्यावी, बंपर हाताला गार लागला पाहिजे. शाम्पूने धुवून पूर्ण वाळवावा. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांना हात लावू नये, शेजारचा रंग खराब होतो आणि रॉकेलचा तेलकटपणा राहतो. लगतच्या रंगावर कागदी टेप चिकटवावी. मग बाजारात प्लास्टिकसाठी मिळणारे औषध अगदी पातळ लावावे आणि उरलेले पुसून घ्यावे. यात दोन प्रकार आहेत. सिलिकॉन तेलाचे स्वस्त असते, लगेच चमकते आणि काही धुण्यांत जाते. दुसरे वाळून पक्का थर धरणारे. ते महाग, पण महिनोन्‌महिने टिकते. आम्ही डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरे लावून पाहिले. पावसाळा संपला तेव्हा स्वस्ताची बाजू पहिल्यासारखी झाली होती.

स्टिकर लावणारी काही पोरे गरम हवेच्या बंदुकीने बंपर काळा करून देतात. वरचा थर किंचित वितळून सपाट होतो म्हणून काळेपणा येतो खरा. पण पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे वितळते. हात जरा थांबला तर बंपर वाकडा, लगतचा रंग फुगलेला. आम्ही तो मार्ग घेणार नाही.

आता कडू गोष्ट. जुन्या गाड्यांचे काही दलाल सौद्याच्या आदल्या रात्री हेच ऑईल फासतात. कापडात खळ भरून विरळ माल जाड दाखवण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. पहिल्या धुण्यात त्याची मच्छरदाणी होते. तीच ही जात. गाडी धुवून, पुसून, औषध लावून विकण्यात काही गैर नाही, पण ऐब असेल तो गिऱ्हाइकाला सांगितला पाहिजे. कर्ज काढून पहिली पिकअप घेणाऱ्या फेरीवाल्या पोराला आम्ही एवढेच सांगतो: खिशात पांढरा रुमाल ठेव आणि भावाची बोलणी करण्याआधी तो बंपरवर फिरव.

आमच्या ड्रायव्हरला आम्ही आता दुकानातून सुती कटपीस देतो, पण पांढरे किंवा धुवून रंग पक्का झालेलेच. कच्च्या रंगाच्या छापील तुकड्याने ओला बोनेट पुसून त्याने एकदा गुलाबी पट्टेही काढून दाखवले आहेत.