घडीचा चाकू घेताना सांधा बघा

खानापूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. माहेर शिरगावचं, सासर कन्नड. त्यांचा मुलगा मामाबरोबर पहिल्यांदाच लईराईचा धोंड म्हणून व्रत धरणार आहे. सोवळ्यात राहायचं, स्वतःपुरतं वेगळं रांधायचं, मग पिशवीत एक घडीचा चाकू हवाच. पुढेही तो रोज जवळ बाळगेल, म्हणून टिकाऊ हवा. ताई लिहितात, "माझा भाऊ म्हणतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून स्वस्तातला घेऊ, मोडला तर दुसरा. हे म्हणतात परदेशी घेऊ, जन्मभर जाईल. अत्ते म्हणतात, चूरी कशाला, ईळिगे ने की! मी कुणाचं ऐकू?"

तर वाचकहो, आधी सासूबाईंचं. ईळिगे म्हणजे आपली विळी. ती काही पिशवीत घालून चोर्ला घाट उतरता येणार नाही, पण सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे. विळीचं पातं पाटाला घट्ट बसलेलं असतं. घडीच्या चाकूचं पातं मात्र एका खिळीवर फिरतं, आणि अशा चाकूचं जे काही बिघडतं ते बहुतेक तिथेच. दुकानात आपण सगळे धार बघतो, अंगठ्यावर फिरवून "काय चकचकीत आहे!" म्हणतो. धार घरी लावता येते. ढिला सांधा घरी सहसा नीट होत नाही.

आपला अडकित्ताच बघा ना. कन्नडमध्ये अडके म्हणजे सुपारी आणि कत्ति म्हणजे सुरी, तिथूनच हा शब्द मराठीत आला असं मानतात. आजोबांच्या पानाच्या चंचीतला अडकित्ता अजून चालतो, कारण त्याचा सांधा जाड आणि ठोकून बसवलेला असतो. तोच सांधा लकलकायला लागला की पाती एकमेकांना घासून जात नाहीत आणि सुपारी फुटण्याऐवजी चिरडते.

घडीच्या चाकूत हा लकलकाट नुसता गैरसोयीचा नसतो. नारळाची किशी सोलताना किंवा सुंभाची गाठ कापताना आपण जोर लावतो, पातं अडकतं, आपण ते ओढतो किंवा उलटं दाबतो. तेवढ्यात ते मुठीकडे मिटलं, तर मधे असतात आपली चार बोटं. बोटं मिटवणाऱ्या शिरा (डॉक्टर त्यांना स्नायुबंध म्हणतात) तळहाताच्या बाजूने, कातडीच्या अगदी जवळून जातात. जखम वरून लहान दिसते, रक्तही लवकर थांबतं, पण बोट मिटत नाही. असं झालं तर हळद दाबून बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, कारण तुटलेली शीर लवकर शिवली तर बोट पुन्हा चालण्याची आशा जास्त असते. दोन दिवसांत सुजेल नि बरं होईल या भरवशावर राहिलेली बोटं पुढे कायमची ताठ राहतात.

म्हणून दुकानात चाकू हातात घेतला की आधी उघडा. पातं चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचितही डुगडुगलं तर ठेवून द्या, किंमत कितीही कमी असो. मग मिटवा. टोक मुठीत पूर्ण बुडतं ना, की बाहेर डोकावतं? डोकावणारं टोक खिसा फाडतं, आणि पुढे मांडी. मिटलेला चाकू उलटा धरून एक झटका द्या. पातं आपोआप बाहेर आलं तर तो खिशात घालण्याच्या लायकीचा नाही. आता कळ बघा. पातं उघडून बसलं की त्याची पाठ हलकेच लाकडावर टेकवून दाबा, बोटं मात्र त्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. कळ सुटली तर दुकानदार कितीही शपथा घेवो, नमस्कार करून बाहेर पडा.

कळा अनेक तऱ्हेच्या असतात. काही चाकूंत पाठीमागच्या पट्टीची खाच पात्याला धरते, काहींत आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी आडवी येते. दुसऱ्या प्रकारात पट्टी कागदासारखी लवचीक असेल तर घेऊ नये. तिसरी तऱ्हा कड्याची. फ्रान्सच्या साव्वा भागात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, आणि १९५५ मध्ये त्या घराण्याने त्याला फिरवायचं कडं बसवलं. कडं फिरवलं की पातं मिटत नाही. इतकी सोपी युक्ती, पण मला अजून तीच सगळ्यांत आवडते, कारण त्यात बिघडायला फारसं काही नाही.

ताईंचे यजमान परदेशी म्हणतात ते बहुधा लाल मुठीचा स्विस चाकू डोळ्यांपुढे ठेवून. कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले, तेच घराणं आज व्हिक्टोरिनॉक्स. चाकू उत्तम, यात वाद नाही. पण खिशात मावणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या लहान चाकूंत पात्याला पक्की कळ नसते. नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर ते उघडं राहतं. फळं, दोरा, पाकीट यांसाठी तेवढं पुरतं. लाकूड कोरायला किंवा नारळावर जोर लावायला तो नव्हे. आणि नकली मालाचा बाजारात सुकाळ आहे. खऱ्याच्या पात्यावर बुडाशी बनवणाऱ्याचं नाव नीट कोरलेलं असतं, आणि उघडता-मिटवताना "टक्" असा भरीव आवाज येतो.

आता आपल्या हवेचं काय करायचं? ओपिनेलची मूठ बीच लाकडाची. आपल्याकडे डिचोली-पेडण्यात मृग लागला की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे ती मूठ फुगणारच, आणि पातं आत असं अडकतं की नखाने निघत नाही. सुकली की पुन्हा चालते, पण कामाच्या वेळी काय उपयोग? जून ते सप्टेंबर वापरायचा असेल तर प्लास्टिकची किंवा धातूची मूठ बरी.

पात्याच्या पोलादाबद्दल थोडक्यात. स्टेनलेस म्हणजे मुळीच न गंजणारं नव्हे, कमी गंजणारं. त्यात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं आणि तेच गंजाला थोपवतं. साधं पोलाद जास्त गोडीने धार घेतं, पण त्याने काजूचा बोंडू कापा, तासाभरात पातं काळंनिळं होतं. एप्रिल-मेमध्ये सत्तरी-डिचोलीत हा अनुभव घरोघरचा. बोंडवातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग होतो. जुन्या काळी हिरड्याची शाई याच तत्त्वावर बनायची. काळं पातं विषारी नसतं, पण त्याने मग कैरी कापली की तोंडाला लोखंडाची चव येते. घाटावर, कोरड्या हवेत साधं पोलाद ठीक. किनाऱ्याच्या बाजूला स्टेनलेसच घ्यावं. फणसाला मात्र घडीचा चाकू लावूच नये. चीक सांध्यात गेला की खोबरेल ओतूनही दोन दिवस जातात. फणसाला कोयता आणि हाताला तेल, ही आपली रीतच खरी.

लांबी? सात-आठ सेंटीमीटर पातं रोजच्या कामाला पुष्कळ झालं. मोठा चाकू म्हणजे मोठी मर्दुमकी असं पोरांना वाटतं, त्यात सिनेमाचा हात आहे. कायद्याचंही ऐकून ठेवा. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, घरगुती नि शेतीच्या कामासाठी बनवलेल्या सोडून. आपला फळं कापायचा चाकू त्यात येत नाही. तरी बटण दाबताच फटकन उघडणारा, रामपुरी थाटाचा चाकू मुलाच्या हाती देऊ नये. त्याची कळ बहुधा तकलादू असते आणि पोलिसांनी पिशवी तपासली तर "आंबे कापायला" हे उत्तर पटत नाही. विमानातही चाकू जवळच्या पिशवीत चालत नाही. मोप असो की सांबरा, तो सामानात द्यायच्या बॅगेतच ठेवावा, नाहीतर जन्मभर टिकणारा चाकू विमानतळावरच राहतो.

हातातून हातात सुरी देऊ नये, खाली ठेवावी, नाहीतर भांडण होतं, असं आमच्याकडे म्हणतात. भांडणाचं ठाऊक नाही, पण बोटं वाचतात हे नक्की. घडीचा चाकू तर मिटवूनच द्यावा.

ताईंचा प्रश्न शिरगावचा, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. वैशाख शुद्ध पंचमीला तिथे गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव अशा सगळ्या बाजूंनी माणूस लोटतो. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, हे आपण कुणी विसरलेलो नाही. अशा गर्दीत खिशातला चाकू, मिटलेला असला तरी, आपल्याला आणि शेजारच्याला धोकाच. रांधायच्या जागी पिशवीत तो ठेवावा, आणि तळ्यावर, देवळाकडे, होमकुंडाकडे जाताना सोबत नेऊ नये. धोंडाच्या हातात वेत असतो, तेवढा पुरे.

तेव्हा भावाचं ऐकायचं की यजमानांचं? म्हापशाच्या बाजारातला चाकूही चांगला निघू शकतो, वर सांगितल्याप्रमाणे हलवून, झटकून, दाबून घेतला तर. खिळीच्या जागी स्क्रू असेल तर सैल झाल्यावर घट्ट करता येतो, पण तो अधूनमधून तपासावा लागतो, नाहीतर एक दिवस कुळागरात पडून जातो. ठोकलेली रिबिट पडत नाही, आणि गावात चांगला लोहार असेल तर तो ती पुन्हा ठोकूनही देतो. मी असते तर कड्याचा किंवा पाठीच्या कळीचा, स्टेनलेस पात्याचा आणि लाकडी नसलेल्या मुठीचा घेतला असता, मग तो कुठल्याही देशाचा असो.

काम झालं की साबणाच्या पाण्याने धुवा, उघडाच ठेवून पूर्ण वाळवा, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडा आणि पातं पुसून घ्या. खोबरेल सांध्यात नको. बेळगावच्या थंडीत ते थिजतं आणि जुनं झालं की खवट वास येतो. धारेसाठी गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे लहान पातं शक्यतो देऊ नका. फिरत्या चाकावर ते तापून निळं पडतं आणि तेवढी कड मऊ होते. घरच्या सपाट दगडावर पाणी शिंपडून, दीड सेंटीमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून अर्धा सेंटीमीटर उचलून, दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात फिरवले की टोमॅटोची साल न दाबता कापली जाते.