भिंतीच्या पोटांत काय आहे?

भिंत म्हणजे काय, असें आपल्या शाळेंतील एखाद्या मुलास विचारलें, तर तो विटा, दगड व चुना यांचींच नांवें घेईल; कारण त्यानें पाहिलेली भिंत भरीव असते. परंतु अमेरिकेंत व कॅनडांत बहुतेक राहतीं घरें लांकडी सांगाड्याचीं असतात, आणि त्यांची भिंत पोकळ असते. आज पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत बसून आपले कित्येक तरुण संगणकावर अशा परदेशीं उभ्या राहणाऱ्या घरांचे नकाशे काढितात. उद्यां आपल्यापैकींही कोणी त्या धंद्यांत शिरेल. म्हणून या विषयीं दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं.

ही रचना १८३० नंतरच्या दशकांत शिकागो शहरीं प्रसार पावली. अवजड खांब व तुळया यांऐवजीं करवतीनें कापलेलीं बारीक लांकडें खिळ्यांनीं जोडून सांगाडा उभारावयाचा, हें तिचें तत्त्व. प्रथम हीं उभीं लांकडें पायापासून छपरापर्यंत अखंड असत; त्यामुळें आग लागल्यास ज्वाळा मधल्या पोकळींतून सरळ वर चढत. पुढें प्रत्येक मजल्याची भिंत त्याच मजल्याच्या तक्तपोशीवर स्वतंत्र उभारण्याची रीति रूढ झाली. या उभ्या लांकडास स्टड म्हणतात. ‘दोन बाय चार’ या नांवानें विकला जाणारा स्टड प्रत्यक्षांत १.५ इंच जाड व ३.५ इंच रुंद भरतो. दोन स्टडांच्या मध्यांमध्यें बहुधा १६ इंच अंतर ठेवितात, तें उगीच नव्हे. वरून ठोकावयाचा तक्ता ४८ इंच रुंद असतो, आणि सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. म्हणून तक्त्याची कड नेमकी लांकडावर येते.

आतां संगणकाकडे वळूं. २००० सालीं प्रथम बाजारांत आलेल्या रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्यें भिंत थराथरांची मानिली आहे. बाहेरचा तक्ता एक थर, मधला सांगाडा दुसरा, आंतला तक्ता तिसरा. दोन बिंदू दाखविले कीं भिंत उभी! परंतु मधला थर हा ३.५ इंचांचा एक सलग ठोकळाच असतो. स्टड दाखवावयाचे तर ते निराळे मांडावे लागतात, किंवा त्या कामासाठीं जोडसॉफ्टवेअर घ्यावें लागतें.

येथेंच अनर्थाचें बीज आहे. न्हाणीघराचें सांडपाणी नेणाऱ्या ३ इंची प्लास्टिक नळाचा बाहेरचा व्यास ३.५ इंच असतो. म्हणजे स्टडाच्या रुंदीएवढाच. तो भिंतींतून वर न्यावयाचा, तर माथ्याचीं व तळाचीं आडवीं लांकडें पार तोडावीं लागतात. पडद्यावर मात्र नळ त्या ठोकळ्यांतून निमूटपणें जातो. चूक कळते ती सुताराच्या हातांत करवत आल्यावर. आधींच विचार केला असता, तर तेथें ५.५ इंच रुंदीच्या लांकडाची भिंत योजितां आली असती.

उष्णतेचेंही असेंच आहे. पोकळींत भरलेल्या कांचतंतूंच्या थराची उष्णतारोधक शक्ति १३ धरिली, तर तेवढ्याच जाडीच्या लांकडाची जेमतेम साडेचार भरते. चौकटी, कोपरे व आडवीं लांकडें धरून भिंतीचा सुमारें चौथा हिस्सा लांकडानें व्यापिलेला असतो. हिशेब केला तर त्या थराची खरी शक्ति ९ देखील भरत नाहीं. जो सर्व ठोकळा कांचतंतूंचाच समजतो, तो घरमालकास हिवाळ्यांत थंडीनें कुडकुडावयास लावितो.

यावर कोणी म्हणेल, “सुतारास आपलें काम येतें, प्रत्येक स्टड काढीत बसलों तर खिडकी वीतभर सरकली कीं सारें काम पुन्हां करावें लागेल.” या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. सरळ, अखंड भिंतींतील प्रत्येक लांकूड दाखविण्याचा हट्ट मी धरीत नाहीं. परंतु कोपरा, दार व खिडकी, दोन भिंतींचा सांधा, तुळईचा भार उतरण्याची जागा आणि नळाचा मार्ग, या पांच ठिकाणीं सांगाडा मांडलाच पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे. कारण तेथें निर्णय घ्यावयाचा असतो. आणि जो निर्णय नकाशा काढणारानें टाळिला, तो उन्हातान्हांत शिडीवर उभ्या असलेल्या मनुष्यावर पडतो. आपला आळस दुसऱ्याच्या माथीं मारणें हें सचोटीचें लक्षण नव्हे.

जोडसॉफ्टवेअर क्षणांत शेंकडों स्टड उभे करितें, हें खरें. पण तें बरोबर आहे कीं नाहीं हें कोण ठरविणार? म्हणून माझी विद्यार्थिबंधूंस व भगिनींस सूचना आहे कीं, संगणकास हात लावण्यापूर्वीं एक १२ फुटांची भिंत कागदावर पेन्सिलीनें काढावी. १४४ इंचांत १६ इंचांचीं ९ अंतरें, म्हणून स्टड १०. मग तींत एक खिडकी बसवावी, तिच्यावरचा भार कोणतें आडवें लांकूड घेतें व तें कोणाच्या खांद्यावर टेकतें, हें स्वतः शोधावें. एवढें ज्यानें एकदां केलें, त्यास पडद्यावरचा ठोकळा पुन्हां फसवूं शकणार नाहीं. यंत्र हात चालवील. डोळे मात्र आपलेच उघडे असले पाहिजेत.