पाठीवर हात पडलाच पाहिजे

घनसावंगीत मैदानाचा विषय निघाला की एक विद्वान हटकून उठतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दुष्काळी तालुक्याला पाणी आणि रोजगार हवा, खेळ ही पोटभरल्यांची हौस. पदक एखाद्यालाच मिळते, पोरी मैदानावर गेल्या की गावात बोलणी होतात आणि खेळून जात काही मोडत नाही.

ज्या तालुक्यातल्या जांब गावी समर्थ रामदास जन्मले, तिथे बलोपासना ही हौस ठरावी? मैदान दिले नाही म्हणून कोणत्या विहिरीला पाझर फुटला? वाचनालय मागितले तेव्हाही पाणीच आडवे आणले होते. वाचनालय झाले नाही आणि टँकरही थांबले नाहीत. बोलणी करणाऱ्यांना सोडून पोरींना घरात कोंडायचे, हा तर न्यायच उलटा.

जातीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. विद्वानांना पळवणकर बाळूंचे उदाहरण फार प्रिय. चर्मकार समाजातल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या हातचा चेंडू पुण्यात सवर्ण खेळाडूंना चालत होता. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. खरे आहे, आणि ते वाचताना आजही संताप येतो. पण विद्वान गोष्ट तिथेच का थांबवतात? 1911च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदूंच्या क्रिकेट संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. 1920 साली त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि अन्याय चव्हाट्यावर मांडला. 1923 साली धाकटे भाऊ विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. जात तेवढ्याने मोडली नाही, हे मान्य. पण धावा आणि बळी सर्वांसमोर मोजलेले होते, म्हणून कर्णधारपद नाकारणाऱ्यांना लोकांपुढे जाब द्यावा लागला. बंद दाराआड तो कोणी विचारला असता? मैदान नसते, तर बाळूंचे नावही या विद्वानांना ठाऊक नसते.

आता माझे म्हणणे. खो-खोत पाठलाग करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. पलीकडचा गडी मारायचा तर खांबाला वळसा घालावा लागतो, नाहीतर बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हणावेच लागते. ती पाठ कोणत्या वस्तीतली, हे विचारायला वेळच नसतो. रोज संध्याकाळी हा स्पर्श घडला पाहिजे.

दुसरे, ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात, म्हणून पोरींची लग्ने घाईने उरकतात. मैदानावर रोज हजेरी लागणारी पोर अचानक दिसेनाशी झाली, तर विचारायला निदान आठ जणी असतात. धाराशिवच्या सारिका काळे गरिबीतून खेळल्या, 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या खो-खो संघाच्या कर्णधार होत्या, पुढे तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. अशी एखादीच होते, हे मलाही कळते. बाकीच्या जणींची दोन-चार वर्षे लग्नाआधी शाळेत गेली, तरी मला पुरे.

मागणी लहान आहे: दोन खांब, सपाट जमीन आणि आई-बाप फडावर गेल्यावरही रोज संध्याकाळी हजर राहणारी एक बाई.